पार्स ट्रीमध्ये फिरायचे कोणी? लिसनर आणि व्हिजिटर

बीड जिल्ह्यात सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये लिहिलेले असते, पण बांधावरचे बोलणे एकर-गुंठ्यांतच चालते. समजा, बोलीतल्या अशा नोंदी वाचून त्यांचा हिशेब करणारा प्रोग्राम लिहायचा आहे. उदाहरणादाखल ही नोंद घेऊ:

गट १२: २ एकर १५ गुंठे कापूस, १ एकर सोयाबीन

नोंदीचे झाड

या कामाला पार्सर जनरेटर उपयोगी पडतो. टेरेन्स पार यांचा अँटलर हा त्यातला एक प्रसिद्ध जनरेटर. त्याची चौथी आवृत्ती २०१३ साली आली. आपण फक्त व्याकरण लिहून द्यायचे: नोंदीत गट आणि एक किंवा अनेक तुकडे असतात, तुकड्यात क्षेत्र आणि पीक असते, क्षेत्रात एक किंवा अनेक मापे असतात. त्यावरून अँटलर लेक्सर आणि पार्सर तयार करून देतो. लेक्सर मजकुराचे टोकन पाडतो आणि पार्सर त्या टोकनांची पार्स ट्री उभारतो. मुळाशी नोंद, तिच्याखाली गट व दोन तुकडे, त्यांच्याखाली क्षेत्र आणि पीक.

जुन्या आवृत्त्यांत हिशेबाचा कोड बहुधा व्याकरणातच घुसवावा लागे. चौथ्या आवृत्तीत व्याकरण स्वच्छ राहते आणि काम झाडावर फिरताना होते. हे फिरणे दोन प्रकारांनी करता येते: लिसनर आणि व्हिजिटर.

देवनागरीसाठी एक खबरदारी

त्या दोन प्रकारांकडे वळण्याआधी लेक्सरबद्दल एक गोष्ट. शब्दाचा नियम लिहिताना फक्त ‘अक्षर’ हा युनिकोड वर्ग घेतला, तर ‘गुंठे’ हा शब्द एकसंध टोकन म्हणून ओळखला जात नाही. उकार, अनुस्वार आणि मात्रा युनिकोडमध्ये ‘चिन्ह’ या वेगळ्या वर्गात मोडतात. म्हणून नियमात दोन्ही वर्ग घ्यावे लागतात.

लिसनर: फिरणारा दुसरा, ऐकणारे आपण

लिसनरमध्ये झाडावर अँटलरचा तयार वॉकर फिरतो. प्रत्येक फांदीत शिरताना तो ‘एंटर’ मेथड बोलावतो, बाहेर पडताना ‘एक्झिट’. आपण हव्या त्या मेथड भरायच्या, उरलेल्या रिकाम्या ठेवायच्या. गावातल्या चावडी वाचनासारखेच हे आहे: वाचणारा सगळ्या नोंदी क्रमाने वाचतो आणि आपल्या कामाची नोंद आली की आपण कान टवकारतो.

पिकांची यादी करणे, ४० किंवा त्याहून जास्त गुंठे लिहिले असतील तर चूक दाखवणे, अशा कामांना लिसनर पुरेसा आहे. कोणतीही फांदी सुटत नाही. अडचण एवढीच की या मेथड उत्तर परत देत नाहीत. बेरीज हवी असेल तर आकडे साठवायला स्टॅक किंवा प्रत्येक फांदीशी जोडलेला तक्ता आपणच सांभाळावा लागतो.

व्हिजिटर: पाय आपले, वाट आपली

अँटलर लिसनर आपणहून तयार करतो, व्हिजिटर मात्र आदेशात पर्याय देऊन मागून घ्यावा लागतो. यात फिरणारा वॉकर नसतो. कोणत्या फांदीत, कोणत्या क्रमाने जायचे हे आपली ‘व्हिजिट’ मेथड ठरवते आणि प्रत्येक मेथड उत्तर परत देते.

वरच्या नोंदीत पहिला तुकडा २ × ४० + १५ म्हणजे ९५ गुंठे देतो, दुसरा ४०. नोंदीची मेथड त्यांची बेरीज करते: १३५ गुंठे. एक गुंठा सुमारे १.०११७ आर, म्हणून एकूण सुमारे १ हेक्टर ३६.५८ आर. फक्त कापसाचे क्षेत्र हवे असेल, तर आधी पीक पाहायचे आणि सोयाबीनच्या क्षेत्रात शिरायचेच नाही. लिसनरचा वॉकर मात्र तिथेही जातोच.

व्हिजिटरचे दोन खड्डे

एखाद्या मेथडमध्ये मुलांना, म्हणजे त्या फांदीच्या थेट खालच्या फांद्यांना, भेट द्यायची राहिली, तर ती सगळी फांदी गुपचूप सुटते. दुसरे म्हणजे, नोंदीची मेथड लिहिलीच नाही, तर अँटलरची मूळ मेथड सर्व मुलांना भेटते, पण उत्तर फक्त शेवटच्या मुलाचे देते. आपल्या उदाहरणात १३५ ऐवजी ४० गुंठे हाती येतात आणि प्रोग्राम कुठेही अडत नाही.

निवड कशी करावी

- माहिती गोळा करायची, मोजायची, तपासायची असेल तर लिसनर.
- किंमत काढायची, अटीनुसार फांदी टाळायची किंवा झाडावरून नवी रचना उभारायची असेल तर व्हिजिटर. स्पार्क एसक्यूएलमध्ये क्वेरीच्या पार्स ट्रीपासून पुढची योजना एका व्हिजिटरनेच तयार होते.

एकाच झाडावर दोन्ही वापरायला हरकत नाही. आधी लिसनरने नोंदी तपासाव्यात, मग व्हिजिटरने क्षेत्र काढावे. नव्याने शिकणाऱ्याने पाच-सहा नियमांचे छोटे व्याकरण घेऊन तेच काम दोन्ही प्रकारांनी करून पाहावे, फरक पक्का समजतो.