कामाचा पोशाख आणि झाकलेले शस्त्र

स्वसंरक्षणासाठी शस्त्र परवाना मिळालेल्यांपैकी अनेकांचा असा समज असतो की, कमरेचे रिव्हॉल्व्हर चारचौघांना दिसले म्हणजे निम्मे काम झाले. कायदा नेमका उलट सांगतो. शस्त्र नियम, २०१६ मधील नियम ३२ नुसार सार्वजनिक ठिकाणी शस्त्र पूर्णपणे झाकलेले असावे लागते आणि बाळगणाऱ्याचे त्यावर परिणामकारक नियंत्रण असावे लागते. त्यामुळे पेढीवरचा सराफ असो वा मजुरांच्या पगाराची रोकड नेणारा ठेकेदार, रोजच्या कपड्यांत शस्त्र नीट कुठे बसेल, याचा विचार त्याने शस्त्र खरेदीपूर्वीच करायला हवा.

प्रथम वजन पाहावे. कानपूरच्या आयुध कारखान्यात तयार होणारे ‘निर्भीक’ रिव्हॉल्व्हर सुमारे ५०० ग्रॅमचे, तर त्याच .३२ बोअरचे जुने रिव्हॉल्व्हर सुमारे ७०० ग्रॅमचे आहे. ऑफिसच्या पँटला लावतात तो पातळ, शोभेचा पट्टा एवढ्या ओझ्याने एका बाजूला झुकतो आणि चालणाऱ्याचा हात नकळत वारंवार तिथे जातो. लपवलेले शस्त्र बहुधा या हातामुळेच उघडे पडते. जाड, ताठ पट्टा ही म्हणूनच पहिली गरज.

सदरा बाहेर सोडणाऱ्यांचे काम सोपे. कमरेच्या आतल्या बाजूस, उजव्या कुशीच्या किंचित मागे बसणारे होल्स्टर त्याखाली सहज झाकले जाते. मात्र गोव्यात निम्मा प्रवास दुचाकीवर होतो आणि वाऱ्याने सदरा वर उडतो. तेव्हा सदरा लांब हवा, शक्य तर आत बनियनही. घामाचा प्रश्न निराळाच. दमट हवेत लोखंड लवकर गंजते, म्हणून शस्त्र रोज कोरड्या कापडाने पुसावे. सदरा खोचणे बंधनकारक असेल, तर सदऱ्याचा काठ होल्स्टर आणि पँट यांच्यामध्ये खोचता येईल अशी पट्टी असलेले होल्स्टर घ्यावे. घोट्याला बांधण्याचे होल्स्टर सैल पायघोळ पँटखाली चालते, पण शस्त्र हाती यायला वेळ लागतो.

साडीला पट्टाच नसल्याने स्त्रियांची अडचण मोठी आहे. सैल कुर्त्याखाली रुंद पोटपट्टा बांधता येतो. पर्सचा मोह टाळलेला बरा. ती टेबलावर राहते, खुर्चीला अडकवली जाते, हिसकावलीही जाते. मग नियमातले ‘नियंत्रण’ उरले कुठे?

होल्स्टरविना शस्त्र कमरेत खोचणे मात्र कोणत्याही पोशाखात निषिद्ध मानावे. २००८ मध्ये न्यू यॉर्कच्या एका क्लबमध्ये अमेरिकी फुटबॉलपटू प्लॅक्सिको बरेस याच्या कमरेतले पिस्तूल पँटमधून खाली घसरले आणि गोळी त्याच्याच मांडीत शिरली. शस्त्र विनापरवाना असल्याने पुढे तुरुंगवासही झाला. चाप पूर्ण झाकणारे कडक होल्स्टर याचसाठी हवे. मऊ, चुरगळणारे कापडी पाकीट चापावर दाब देऊ शकते.

धोका घरी आल्यावरही असतो. १ ऑक्टोबर २०२४ रोजी मुंबईत अभिनेता गोविंदा यांना स्वतःच्याच परवानाधारक रिव्हॉल्व्हरची गोळी पायाला लागली. कपडे बदलताना शस्त्र होल्स्टरमधून काढू नये. होल्स्टरसकट उतरवावे, मग शांतपणे गोळ्या काढून कुलपात ठेवावे.