इंग्रजी शब्दांचीं घराणीं

गिरगांवांत, दादरला, परळला किंवा लालबागेंत, ज्या घरांत मुलें शिकत आहेत अशा कोणत्याहि घरीं एक प्रश्न केव्हां तरी निघतोच. "इंग्रजी येतें, पण शब्द अडतात, तर शब्दसंग्रह वाढवावा कसा?" महाराष्ट्रांतील मराठी शाळांतून २००० सालापासून इंग्रजी पहिल्या इयत्तेपासून शिकवितात. तेव्हां बोलण्याचालण्यापुरतें इंग्रजी आतां पुष्कळांस येतें. अडतें तें त्याच्या पुढें : वृत्तपत्राचा अग्रलेख, कायद्याचा कागद, शास्त्राचा ग्रंथ हातीं आला म्हणजे. या पुढच्या पायरीविषयीं आज चार शब्द सांगावयाचे आहेत.

हा प्रश्न केवळ हौसेचा नाहीं. लालबाग-परळच्या जुन्या चाळी पाडून तेथें नव्या इमारती उठत आहेत, आणि त्यांचे करार बहुधा इंग्रजींत लिहिलेले असतात. त्यांत ‘इर्रेव्होकेबल कन्सेन्ट’ अशी एक जोडी आढळते. कन्सेन्ट म्हणजे संमति, हें बहुतेकांस ठाऊक असतें. अडतो तो पहिला शब्द. एकदां दिली कीं परत घेतां येणार नाहीं अशी ही संमति आहे, हें ज्याला उमगलें तो सही करण्यापूर्वीं वकिलाची पायरी चढेल. ज्याला उमगलें नाहीं तो शेजाऱ्याची सही पाहून आपली करील. तसेच ‘शॅल’ आणि ‘मे’ हे दोन चिमुकले शब्द. मालक भाडें ‘शॅल’ देईल असें लिहिलें तर तो बांधला गेला. ‘मे’ लिहिलें तर देणें न देणें त्याच्या मर्जीवर राहिलें. तीन पिढ्यांचें बिऱ्हाड एका शब्दाच्या अज्ञानावर लटकावें, ही गोष्ट हंसण्यावारी नेण्यासारखी खचित नव्हे.

यावर सर्वत्र चालणारा उपाय म्हणजे अवघड शब्दांची यादी घेऊन ती घोकणें. परीक्षेच्या आदल्या रात्रीं ती कांहीं उपयोगीं पडत असेल. पण तिच्यांत दोन मोठे दोष आहेत. पहिला असा कीं, सुटे शब्द डोक्यांत टिकत नाहींत. हर्मान एबिंगहाउस या जर्मन शास्त्रज्ञानें १८८५ सालींच प्रयोगांनीं दाखवून दिलें कीं, पाठ केलेलें विसरण्याचा वेग पाठांतरानंतर लगेचच सर्वांत जास्त असतो. दुसरा दोष याहून वाईट. यादींतला शब्द कोठें शोभतो आणि कोठें हंसें करतो, हें यादी सांगत नाहीं. भाजीवाल्याकडे जाऊन "अर्धा किलो वृंताक द्या" म्हणणाऱ्यास आपण काय म्हणूं ? वृंताक म्हणजे वांगेंच. पण शब्द खरा असूनहि जागा चुकली. इंग्रजींत साध्या पत्राला असे वृंताक चिकटविणारे पुष्कळ आहेत.

मग मार्ग कोणता ? तो मुंबईला मुळींच नवा नाहीं. बाळशास्त्री जांभेकरांनीं ६ जानेवारी १८३२ रोजीं ‘दर्पण’ सुरू केलें, तेव्हां पानाच्या एका स्तंभांत इंग्रजी आणि शेजारच्या स्तंभांत मराठी मजकूर छापलेला असे. वाचकाची नजर इकडून तिकडे जाई आणि शब्द संबंध वाक्यासकट त्याच्या हातीं लागे. त्याच्या एकच वर्ष आधीं, १८३१ त, मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश प्रसिद्ध झाला; १८४७ त मोल्सवर्थ आणि कँडी यांचा इंग्रजी-मराठी कोश आला. पुढें तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेनें कित्येक पिढ्यांना इंग्रजी शिकविलें. तिचें सूत्र तेंच : वाक्य मराठींतून इंग्रजींत न्या, इंग्रजींतून मराठींत आणा. या सर्वांनीं मराठीला अडथळा मानलें नाहीं. तिला पायरी केलें.

ही पायरी किती भक्कम आहे पाहा. सर विल्यम जोन्स यांनीं २ फेब्रुवारी १७८६ रोजीं कलकत्त्यास एशियाटिक सोसायटीपुढें असें प्रतिपादन केलें कीं, संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषांतील साम्य इतकें आहे कीं त्या एकाच मुळापासून निघाल्या असल्या पाहिजेत. पुढील संशोधनानें हें मत दृढ झालें. इंग्रजीचे जड शब्द बहुतांशीं लॅटिन व ग्रीकमधून आलेले; म्हणजे ज्याला आपण परकें समजतों तें पुष्कळदां आपल्याच चुलत घराण्यांतलें निघतें.

वरचा ‘इर्रेव्होकेबल’च घ्या. त्याच्या पोटांत ‘व्होक’ आहे. लॅटिनमध्यें त्याचा अर्थ हांक मारणें. तो आपल्या ‘वच्’ धातूचा, ‘वाचा’ या शब्दाचा सख्खा भाऊबंद. ‘रि’ म्हणजे मागें. ‘रिव्होक’ म्हणजे मागें बोलावणें, दिलेलें परत घेणें. आरंभीचा ‘इर्’ नकाराचा, शेवटचा ‘एबल’ शक्यतेचा. सर्व मिळून, मागें बोलावतां न येणारें. आतां याच घरचीं इतर माणसें ओळखा. ‘ॲड्व्होकेट’ म्हणजे मदतीस बोलावलेला, अर्थात् वकील. ‘प्रोव्होक’ म्हणजे पुढें बोलावणें, म्हणून डिवचणें. आणि ज्यासाठीं हा सारा खटाटोप तो ‘व्होकॅब्युलरी’ शब्दहि याच घरचा. एक धातु ओळखला कीं पांच-सात शब्द आपण होऊन ओळख देऊं लागतात.

उपसर्गांचें कौतुक मराठी वाचकाला निराळें सांगावयास नको. प्रहार, आहार, संहार, विहार, परिहार : धातु एक, उपसर्ग निराळे, अर्थ निराळे. इंग्रजींतहि तोच खेळ आहे. ‘स्पेक्ट’ म्हणजे पाहणें; आपल्या ‘पश्यति’चा तो नातलग. ‘इन्स्पेक्ट’ म्हणजे आंत पाहणें, तपासणें. ‘प्रॉस्पेक्ट’ म्हणजे पुढें पाहणें. ‘रिट्रॉस्पेक्ट’ म्हणजे मागें पाहणें. ‘सस्पेक्ट’ म्हणजे खालून, तिरप्या नजरेनें पाहणें, म्हणून संशय घेणें. मुंबईकराच्या तोंडीं नित्य असलेला ‘ट्रान्झिट कॅम्प’ घ्या. ‘ट्रान्स’ म्हणजे पलीकडे; ‘इट’ हें जाणें या अर्थाच्या लॅटिन धातूचें रूप, संस्कृत ‘इ’ धातूचा सोयरा. जातां जातां मुक्काम करण्याची ती जागा. कित्येकांचें आयुष्य तेथेंच सरतें, हा दोष शब्दाचा नव्हे. ‘एक्झिट’ म्हणजे बाहेर जाणें, तोहि याच घरचा.

इंग्रजीला दोन पदर कां, हेंहि येथेंच समजतें. आपल्याकडे दांत आणि दंत, पाय आणि पाद, दूध आणि दुग्ध. एक घरांतला, दुसरा पोथींतला. इंग्रजींतहि ‘टूथ’ घरांतला, ‘डेंटल’ वैद्यकांतला. ‘फूट’ आणि ‘पेडेस्ट्रियन’, ‘टेन’ आणि ‘डेसिमल’ यांचें नातें तसेंच. १०६६ सालीं नॉर्मन लोकांनीं इंग्लंड जिंकल्यावर फ्रेंचच्या द्वारें लॅटिन वळणाच्या शब्दांची मोठी भर त्या भाषेंत पडली. विद्याव्यासंगानें ती पुढें वाढतच गेली. म्हणून घरगुती पत्रांत घरांतला शब्द आणि शास्त्रीय लेखांत पोथींतला, हा विवेक मराठी माणसास सहज साधावा.

मात्र एक इशारा दिला पाहिजे. ध्वनि सारखा म्हणून नातें असेलच असें नाहीं. लॅटिन ‘देउस’ हा आपल्या ‘देव’ शब्दाचा खरा सोयरा, आणि त्याचें घराणें इंग्रजी ‘डिव्हाइन’मध्यें दिसतें, परंतु ‘थिऑलॉजी’मधील ग्रीक ‘थेऑस’ कानाला तसाच लागला तरी तो दुसऱ्या घरचा आहे. म्हणून नातें जुळविण्यापूर्वीं व्युत्पत्ति देणारा मोठा कोश उघडावा.

नातें कळल्यानेंहि काम पुरें होत नाहीं. शब्दाची चालचलणूक पाहावी लागते. "कर्ज सँक्शन झालें" हें आपण रोज बोलतों, तेथें अर्थ मंजुरी. पण एखाद्या देशावर ‘सँक्शन्स’ घातले असें वृत्तपत्रांत येतें, तेव्हां अर्थ निर्बंध. कायद्यानें एखादी गोष्ट कायम करणें आणि तो मोडणाऱ्यास शिक्षा ठेवणें, या दोन्ही कल्पना त्या एका शब्दांत पूर्वींपासून आहेत. तसेंच शब्दांचे जोड. मराठींत चहा कडक आणि पाऊस मुसळधार. इंग्रजींत चहा ‘स्ट्राँग’, पाऊस ‘हेवी’. अदलाबदल केली तर व्याकरण शाबूत राहतें, भाषा बिघडते.

शब्द किती लागतात ? न्यूझीलंडचे भाषाशास्त्रज्ञ पॉल नेशन यांच्या २००६ सालच्या हिशेबाप्रमाणें कादंबरी किंवा वृत्तपत्र कोणाच्या मदतीवांचून वाचण्यास सुमारें ८ ते ९ हजार शब्दकुलें लागतात. शब्दकुल म्हणजे मूळ शब्द आणि त्याचीं रूपें. आंकडा ऐकून घाबरूं नये. त्याच देशाच्या ॲव्हरिल कॉक्सहेड यांनीं २००० सालीं पाठ्यग्रंथांत सर्वत्र आढळणारीं ५७० शब्दकुलें निवडून काढलीं. अशा ग्रंथांतील दर शंभर शब्दांत सुमारें दहा शब्द त्यांतले असतात. रोज दोन कुलें घेतलीं तर साडेनऊ महिन्यांत तीं संपतात.

त्यासाठीं एक वही करावी. शब्द जेथें भेटला तें संबंध वाक्य उतरून घ्यावें. त्याखालीं धातु व उपसर्ग, त्याखालीं घराण्यांतले दोन-तीन शब्द, आणि शेवटीं मराठी अर्थ आपल्या शब्दांत. अर्थ प्रथम वाक्यावरून अजमावावा, मग कोश पाहावा. श्रम पडले कीं शब्द टिकतो. दुसऱ्या दिवशीं, आठवड्यानें आणि महिन्यानें मराठी बाजू झांकून नव्हे, इंग्रजी बाजू झांकून उजळणी करावी. ओळखणें सोपें, आठवणें कठीण, आणि लिहितांना कामास येतें तें आठवणेंच. दर आठवड्यास एक उतारा मराठींत आणावा, चार दिवसांनीं तो मूळ न पाहतां पुन्हां इंग्रजींत न्यावा आणि मग मुळाशीं ताडून पाहावा. यास शिकवणीची फी पडत नाहीं. घरचें कोणी वडील माणूस शेजारीं बसलें म्हणजे पुरे, मग त्यांना इंग्रजी येवो वा न येवो.

किंबहुना न येणारें माणूस असलें तर अधिकच बरें. शब्द खरोखर आला कीं नाहीं याची कसोटी एकच : तो घरांतल्या आजीला मराठींत समजावून सांगतां यावा. ‘इर्रेव्होकेबल’ म्हणजे काय हें तिला कळलें, तर नातवाला शब्द आला, आणि तिचा अंगठा किंवा सही ज्या कागदावर पडावयाची तो कागदहि घरांत कळला. इंग्रजी वाढवितांना मराठी सोडावी लागते ही समजूत यामुळें मुळांतच चुकीची आहे. ज्याच्या मराठीला धातु, उपसर्ग आणि म्हणी ठाऊक आहेत त्याचें इंग्रजी पक्क्या जोत्यावर चढतें. ज्याची मराठी पोकळ, त्याला याद्याच घोकाव्या लागतात. वही उद्यांच करावी, आणि पहिला शब्द घरीं आलेल्या एखाद्या इंग्रजी कागदांतूनच उचलावा.