सेकंदाला दोन, हजारात एक

फेब्रुवारी २०२५. ओडिशाचा गंजाम जिल्हा, ऋषिकुल्या नदीचं मुख. तिथल्या काही किलोमीटर वाळूवर साधारण दहा रात्रींत सुमारे ७ लाख ऑलिव्ह रिडले कासवांनी अंडी घातली. त्या किनाऱ्यावर तोवर नोंदलेला हा सर्वांत मोठा आकडा.

हा आकडा आपल्या बीडच्या मापाने मोजून पाहू. २०११ च्या जनगणनेत बीड शहराची लोकसंख्या १ लाख ४६ हजार होती. म्हणजे बीडसारखी जवळपास पाच शहरं दहा रात्रींत एका पुळणीवर चढली, खड्डे खणले, अंडी घातली, वाळू सारखी केली आणि पाण्यात परत गेली. रात्र दहा तासांची धरली तर रात्रीला ७० हजार, तासाला ७ हजार, सेकंदाला दोन. एका मादीचं वजन सरासरी ४० किलो धरा. सगळ्यांचं मिळून २८ हजार टन होतं. कारखान्याला जाणाऱ्या ट्रकमध्ये २० टन ऊस मावतो असं मानलं तर १,४०० ट्रक. पाटोदा, धारूर, वडवणी, शिरूरच्या ऊसतोड टोळ्यांना हा ढीग केवढा असेल ते समजावून सांगावं लागणार नाही. हंगामही साधारण तोच आहे. दसरा-दिवाळीनंतर आपल्या गावांतून कोयते बाहेर पडतात आणि उन्हाळ्यात परततात, त्याच महिन्यांत ही कासवं समुद्रातून किनाऱ्याकडे सरकत असतात.

एवढी कासवं मोजतात तरी कशी? एकेक मोजणं अशक्य असतं. किनाऱ्यावर ठरावीक अंतरावर पट्ट्या आखतात, त्या पट्ट्यांत रात्रभर ठरावीक वेळाने अंडी घालणाऱ्या माद्या मोजतात आणि त्यावरून साऱ्या किनाऱ्याचा अंदाज काढतात. हे काम वनखातं, शास्त्रज्ञ आणि आसपासच्या मच्छीमार गावांतली तरुण पोरं मिळून करतात. पायाखाली कासव येऊ नये म्हणून जपून पाऊल टाकावं लागतं, इतकी दाटी असते.

आता अंड्यांचा हिशेब. मादी मागच्या वल्ह्यांनी दीड फूट खोल, सुरईसारखा तळाशी रुंद खड्डा खणते आणि त्यात शंभर-सव्वाशे अंडी सोडते. ७ लाख गुणिले १०० म्हणजे ७ कोटी. साऱ्या महाराष्ट्राची लोकसंख्या २०११ मध्ये ११ कोटी २४ लाख होती. अर्थात सगळी अंडी टिकत नाहीत. इतक्या गर्दीत पाचव्या रात्री आलेली मादी पहिल्या रात्रीचं घरटं उकरून टाकते. उरलेल्यांवर कुत्री, कोल्हे, रानडुकरं, खेकडे तुटून पडतात. पिल्लू बाहेर आलं की वरून घारी आणि कावळे, पाण्यात शिरलं की मासे. शास्त्रज्ञांचा ढोबळ अंदाज असा की हजार पिल्लांमागे एखादंच मोठं होतं.

जे होतं, त्याची वाढ बघा. अंड्यातून निघालेलं पिल्लू पंधरा-वीस ग्रॅमचं असतं. मोठं कासव ४० किलोचं. म्हणजे दोन हजार पट. तीन किलोचं बाळ त्याच हिशेबाने वाढलं असतं तर सहा टनांचं झालं असतं, मोठ्या हत्तीएवढं. ही वाढ व्हायला दहा-पंधरा वर्षं लागतात आणि तेवढा सारा काळ ते समुद्रात कुठे असतं, याबद्दल माणसाच्या हाती फार थोडी माहिती आहे.

वयाचा आकडा याहून मोठा. कोलंबियात सापडलेल्या एका सागरी कासवाच्या जीवाश्माचं वय सुमारे १२ कोटी वर्षं आहे. आपल्या बालाघाटाचा काळा पाषाण, ज्यात विहिरी खणताना सुरुंग लावावे लागतात, तो साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. बीडच्या पायाखालचा खडक निवून घट्ट होत होता तेव्हा समुद्रातल्या कासवांच्या कुळाला पाच कोटींहून अधिक वर्षं होऊन गेली होती. डायनासोर संपले, ही उरली. देवळात शिरताना ज्या दगडी कासवाला आपण हात लावून नमस्कार करतो, त्याचं कूळ त्या दगडाहून जुनं आहे.

बीडहून समुद्र सरळ रेषेत सुमारे ३०० किलोमीटर लांब. त्यामुळे कासवं हा कोकणाचा विषय, आपला नव्हे, असं इथे अनेकांना वाटतं. पाण्याचा नकाशा वेगळं सांगतो. बिंदुसरा सिंदफणेला मिळते, सिंदफणा मंजरथला गोदावरीला. मांजरा पाटोद्याच्या डोंगरात उगवते आणि मोठा फेरा घेऊन तेलंगणात गोदावरीतच जाते. आष्टीकडचं पाणी सीना, भीमा करत कृष्णेला. म्हणजे जिल्ह्यातून वाहून जाणारा प्रत्येक थेंब बंगालच्या उपसागराकडे जातो. गोदावरी अरबी समुद्रापासून अवघ्या ८० किलोमीटरवर उगम पावते आणि त्याला पाठ करून १,४६५ किलोमीटर पूर्वेला चालत जाते. तिच्या मुखापाशी, काकीनाड्याजवळच्या कोरिंगा अभयारण्यात आणि होप बेटाच्या वाळूवर, ऑलिव्ह रिडले अंडी घालतात. कृष्णेच्या मुखापाशीही घालतात. पुराच्या पहिल्या लोंढ्यात बिंदुसरेतून वाहून जाणारी प्लास्टिकची पिशवी याच रस्त्याला लागते. समुद्रात तरंगणारी पिशवी कासवाला जेलीफिशसारखी दिसते, आणि ते ती खातं.

कोकणचा किनारा ओडिशासारखा नाही. तिथे लाखांचा मेळा भरत नाही. माद्या एकेकट्या येतात. म्हणूनच तिथे प्रत्येक घरट्याला किंमत आहे, आणि म्हणूनच माणसाच्या दोन हातांनी फरक पडतो. रत्नागिरी जिल्ह्यात मंडणगड तालुक्यात वेळास हे गाव आहे, नाना फडणवीसांचं मूळ गाव. चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेचे भाऊ काटदरे आणि त्यांचे सहकारी समुद्री गरुडांच्या पाहणीसाठी त्या किनाऱ्यावर फिरत असताना त्यांना वाळूत कासवाच्या अंड्यांची टरफलं दिसली. तेव्हा मादी येऊन गेली की सकाळी माग काढत जाऊन खड्डा उकरायचा आणि अंडी खायची किंवा विकायची, ही रीतच होती. २००२ पासून संस्थेने गावातल्याच माणसांना बरोबर घेऊन घरटी राखायला सुरुवात केली. पहिल्या हंगामात ५० घरटी वाचली आणि २,७३४ पिल्लं समुद्रात गेली.

ही राखण करणारा कासवमित्र रोज पहाटे, उजाडायच्या आत, पुळण चालतो. वाळूवर ट्रॅक्टरच्या चाकासारखा माग दिसला की घरटं शोधतो आणि अंडी काढून कुंपणातल्या हॅचरीत तेवढ्याच खोलीच्या, तशाच आकाराच्या खड्ड्यात ठेवतो. हे काही तासांत व्हावं लागतं. त्यानंतर आतला जीव कवचाला चिकटतो आणि मग अंडं उलटंपालटं झालं तर तो मरतो. पुढे ४५ ते ६० दिवस राखण. दिवस भरत आले की खड्ड्यावर टोपली पालथी घालतात आणि सकाळ-संध्याकाळ उचलून बघतात.

आता इथला हिशेब मांडू. ५० घरटी, प्रत्येकाला सरासरी ५० दिवस: राखणीचे २,५०० दिवस झाले. एक माणूस एका वेळी अनेक घरटी राखतो हे खरं, पण प्रत्येक घरट्याला तेवढे दिवस मिळावे लागले. पिल्लं २,७३४. म्हणजे एका पिल्लामागे जवळजवळ एक दिवस. हजारात एक हा अंदाज लावला तर त्या साऱ्या हंगामातून मोठी होणारी कासवं दोन, फार तर तीन. एका पूर्ण वाढलेल्या कासवामागे राखणीचे सुमारे हजार दिवस! ऋषिकुल्येच्या ७ लाखांपेक्षा मला हा आकडा जास्त अचाट वाटतो. हे काम करणाऱ्याला आपण राखलेलं कासव पुन्हा भेटेल याची काहीच शाश्वती नसते, आणि ते परत आलंच तरी दहा-पंधरा वर्षांनी. तरी तो दुसऱ्या दिवशी पहाटे पुळणीवर असतो. दोन-तीन ही संख्या लहान वाटेल; ती अंडी बाजारात गेली असती तर उत्तर शून्य होतं.

आकडा किती झपाट्याने शून्याकडे जातो याचा दाखला मेक्सिकोत आहे. ऑलिव्ह रिडलेच्या सख्ख्या कुळातलं केम्प्स रिडले कासव जवळपास सगळंच्या सगळं एकाच टापूत, रांचो नुएव्होच्या किनाऱ्यावर, अंडी घालतं. १९४७ च्या जूनमध्ये आंद्रेस हेरेरा यांनी तिथे एक चित्रफीत काढली. तिच्यावरून शास्त्रज्ञांनी अंदाज बांधला की त्या एका दिवशी सुमारे ४० हजार माद्या वाळूवर होत्या. १९८५ साली पूर्ण हंगामात घरटी मिळाली ७०२. एका माणसाच्या अर्ध्या आयुष्यात एवढी घसरण! अंडी लुटली गेली आणि मोठी कासवं कोळंबीच्या जाळ्यांत गुदमरली. कासव हवेत श्वास घेतं. जाळ्यात अडकून वर येता आलं नाही तर ते बुडून मरतं. पुढे मेक्सिको आणि अमेरिकेने मिळून किनारे राखले, जाळ्यांना कासव निसटण्याची खिडकी सक्तीची केली, तेव्हा घरटी पुन्हा हजारांत गेली. ओडिशातही म्हणूनच १ नोव्हेंबर ते ३१ मे या काळात कासवांच्या मोठ्या किनाऱ्यांसमोर २० किलोमीटरपर्यंत मासेमारीला बंदी असते. या बंदीने मच्छीमारांची चूल अडते, आणि त्यांना पुरेशी भरपाई मिळाल्याशिवाय ही राखण टिकणार नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

जगभर हे काम मुख्यतः स्वयंसेवकांच्या पायांवर चालतं. कोस्टा रिकातल्या तोर्तुगेरोला, ग्रीसमधल्या झाकिन्थोस बेटावर दर हंगामात देशोदेशींची तरुण मंडळी स्वतःच्या खर्चाने जातात आणि रात्री-पहाटे किनारे चालतात. ग्रीसमधली ‘आर्केलॉन’ ही संस्था १९८३ पासून हे करते. चेन्नईत विद्यार्थ्यांचा एक गट १९८८ पासून दर हंगामात शहराच्या किनाऱ्यावर रात्री चालतो. दरवर्षी जुने विद्यार्थी जातात, नवे येतात, चालणं थांबलेलं नाही. आपल्याकडची मुलंही आता परदेशातल्या अशा कामासाठी अर्ज करतात. त्यांनी जरूर जावं. पण वेळास, आंजर्ले, गुहागर आपल्या एका रात्रीच्या प्रवासावर आहेत, आणि ही कासवं एकाच किनाऱ्याची नसतात. मार्च २०२१ मध्ये ओडिशात टॅग लावलेली ०३२३३ क्रमांकाची मादी जानेवारी २०२५ मध्ये गुहागरच्या किनाऱ्यावर अंडी घालताना सापडली. श्रीलंकेला वळसा घालून सुमारे ३,५०० किलोमीटर, म्हणजे गोदावरीच्या दोन लांब्यांहून जास्त. पूर्व आणि पश्चिम किनाऱ्याची कासवं वेगवेगळी, असं तोवर मानलं जात होतं. टॅगचा हा छोटासा तुकडा कुणीतरी रात्री जागून लावला होता आणि चार वर्षांनी दुसऱ्या किनाऱ्यावर दुसऱ्या कुणीतरी रात्री जागून वाचला.

आणखी एक आकडा आहे, आणि तो धास्तावणारा आहे. पिल्लू नर होणार की मादी, हे वाळूच्या तापमानावर ठरतं. २९-३० अंशांच्या आसपास दोन्ही होतात, त्याहून तापलं की माद्याच. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफच्या उत्तर भागातल्या किनाऱ्यांवर जन्मलेल्या तरुण हिरव्या कासवांत ९९ टक्क्यांहून अधिक माद्या असल्याचं २०१८ मध्ये समोर आलं. एखाद-दोन अंशांचा फरक म्हणजे काय, हे मराठवाड्याच्या शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको.

वन्यजीव राखण्याचं काम बीडला परकं नाही. शिरूर कासार तालुक्यातल्या तागडगावला ‘सर्पराज्ञी’ केंद्रात जखमी पशुपक्ष्यांवर वर्षानुवर्षं उपचार होत आहेत. नायगावला मोरांचं अभयारण्य आहे. आणि कोकणाशी आपलं नातं जुनं आहे. अंबाजोगाईची योगेश्वरी ही कोकणातल्या कितीतरी घराण्यांची कुलदेवता. त्या किनाऱ्यावरची माणसं पिढ्यान्‌पिढ्या घाट चढून आपल्याकडे येत आली आहेत. परतभेट द्यायला हे निमित्त चांगलं आहे.

बीडच्या महाविद्यालयांनी वर्षातून एक सहल तरी वेळासला न्यावी. पिल्लं सोडण्याचा काळ साधारण फेब्रुवारीअखेर ते एप्रिल. निघण्याआधी गावात फोन करून टोपल्यांखाली काय हालचाल आहे ते विचारून घ्यावं. राहायला गावातल्याच घरी राहा, म्हणजे पैसा राखण करणाऱ्या गावात जाईल. पिल्लं सकाळी आणि संध्याकाळी सोडतात. दोरीच्या अलीकडे उभे राहा, पिल्लाला हात लावू नका, फ्लॅश आणि टॉर्च बंद ठेवा, कारण उजेडाने ते समुद्राची दिशा चुकतं. जमलं तर एक दिवस जास्त थांबा आणि पहाटे कासवमित्राबरोबर पुळण चाला. पिल्लू दिसेलच अशी खात्री कुणी देत नाही. तरी जा.