गल्लीने नेमून घेतलेला साहेब

बीडच्या जुन्या गावात पत्ता सांगताना आजही राजुरी वेस, माळीवेस अशी नावं येतात. वेशीच्या आतले रस्ते बैलगाडीच्या काळातले. त्याच रस्त्यांवर आता घराच्या पायऱ्या नालीवर आल्या आहेत, पायऱ्यांपुढे डबल स्टँडवर दोन दुचाक्या आणि त्यांच्यापुढे भाजीचा हातगाडा. पाण्याचा टँकर गल्लीच्या तोंडाशी आला की आधी ओरड होते, ‘‘गाडी कोणाची हाय ही? काढा बरं!’’

गाड्या वाढल्या, त्याला कारण आहे. बीड शहरात प्रवासी रेल्वे धावली ती १७ सप्टेंबर २०२५ ला. त्याआधीच्या पिढ्यांनी एसटी, वडाप आणि स्वतःच्या मोटारसायकलवर दिवस काढले. गाडी इथे चैन नव्हती.

मग गल्लीने हे गाऱ्हाणं कोणाकडे न्यायचं? ७४ व्या घटनादुरुस्तीने शहरांच्या कारभारात प्रभाग समित्या आणल्या खऱ्या, पण त्या बंधनकारक आहेत तीन लाख किंवा त्याहून जास्त वस्तीच्या शहरांना. २०११ च्या जनगणनेत बीडची लोकसंख्या दीड लाखाच्याही आत होती. परळी, अंबाजोगाई तर त्याहून लहान. म्हणजे जिथे माणसं नगरसेवकाला नावाने ओळखतात, तिथेच शेजाऱ्यांनी एकत्र बसण्याची ही सक्तीची जागा नाही.

अशा गावांनी मुंबईतल्या एका गल्लीकडे पाहावं. घाटकोपर पूर्वेच्या जोशी लेनमध्ये १९९७ च्या सुमारास रहिवाशांनी ओला आणि सुका कचरा घरातच वेगळा करायला सुरुवात केली. ओल्याचं खत, सुका कचरावेचकांकडे. महापालिकेने हा प्रयोग उचलला आणि त्याला ‘प्रगत परिसर व्यवस्थापन’ असं भारदस्त नाव दिलं; लोक मात्र इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘एएलएम’च म्हणतात. साधारण हजारभर रहिवाशांचा एक रस्ता किंवा वस्ती, त्यांची एक समिती, आणि तिची नोंद वॉर्ड ऑफिसात. पुढे मुंबईभर अशा शेकडो समित्या उभ्या राहिल्या.

या योजनेचं खरं बळ कचऱ्यात नव्हतंच. समितीशी बोलायला वॉर्ड ऑफिसातला एक ठरावीक अधिकारी नेमून दिलेला असे. फुटलेली नाली, बंद दिवा, खचलेला फूटपाथ, कशासाठीही खिडक्या-खिडक्यांवर फिरायचं नाही. लोकांनी आपल्या वाट्याचं काम करायचं आणि त्या बदल्यात हक्काने विचारायचं. अनेक समित्या नंतर थंडावल्या. चार उत्साही माणसं थकली की मागे कोणी उभं नसायचं. तरीही अधिकारी नेमून द्यायला घटनादुरुस्ती लागत नाही, हे या गल्लीने दाखवलं. नगर परिषदेचा मुख्याधिकारी मनात आणेल तर हे बीडमध्येही होऊ शकतं.

पार्किंगचं दुखणं मात्र जास्त अवघड, कारण तिथे शेजारीच शेजाऱ्यासमोर उभा राहतो. मुंबईतल्या दहिसरच्या पांचाली सहकारी गृहनिर्माण संस्थेची लढाई निदान बिल्डरशी होती. इमारतींखालच्या स्टिल्टमधल्या, म्हणजे खांबांवरच्या मोकळ्या तळमजल्यातल्या, गाड्यांच्या २५ जागा आपल्याच, असं बिल्डरचं म्हणणं. संस्था शेवटपर्यंत लढली. ३१ ऑगस्ट २०१० ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की स्टिल्टची जागा सामायिक आहे, बिल्डरला ती वेगळी विकता येणार नाही. ज्या कायद्यावर हा निकाल उभा आहे, तो १९६३ चा फ्लॅट-मालकीचा कायदा, म्हणजे मोफा, राज्यभर लागू आहे. बीडमध्ये अपार्टमेंटमध्ये फ्लॅट घेणाऱ्या प्रत्येकाने हा निकाल माहीत करून घ्यायलाच हवा.

रस्त्याचं तसं नाही. दारापुढचा रस्ता घरमालकाचा नसतो, आणि गल्लीच्या समितीने स्वतःच ‘पार्किंग’ची पाटी ठोकली तर तिला कायद्याचा आधार मिळत नाही. मोटार वाहन कायद्याच्या ११७ व्या कलमानुसार गाड्या थांबवण्याच्या जागा राज्य सरकार किंवा त्याने अधिकार दिलेली यंत्रणा ठरवते, तीही स्थानिक संस्थेशी सल्लामसलत करून. मोठ्या शहरांत दिसणारं सम-विषम तारखांचं पार्किंग अधिकृत आदेशानेच लागू होतं. अरुंद बाजाररस्त्याला ती पद्धत चांगली लागू पडते: एक दिवस या बाजूची दुकानं मोकळी, दुसऱ्या दिवशी त्या बाजूची.

ही पद्धत हवी असेल तर गल्लीने आधी टेप घेऊन रस्ता मोजावा. नाल्या, पायऱ्या, विजेचे खांब नकाशावर मांडावेत, दोन्ही बाजूंच्या दुकानदारांच्या सह्या घ्याव्यात आणि एकच अर्ज नगर परिषद आणि वाहतूक शाखा या दोन्हींकडे द्यावा.