सगळंच 'भारी'!

आमच्या नातवाला सध्या सगळंच 'भारी' वाटतं. वडापाव भारी, मोबाईल भारी, शाळेला सुट्टी पडली तर फारच भारी. परवा त्याची आजी गिरणी संपाची हकिकत सांगत होती. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाख कामगार घरी बसले. आमचा पगार बंद, मग वाण्याची उधारी बंद, शेवटी घरातली पितळेची भांडी मोडीत गेली. नातू म्हणाला, "भारी!"

आजी म्हणाली, "व्हय रं बाबा, लई भारी होतं. वझ्यानं पाठ मोडली."

पोराच्या मनात वाईट काही नव्हतं. त्याच्याजवळ दुसरा शब्दच नव्हता, याचाच आम्हाला राग आला. (आमच्या वेळी 'झकास' आणि 'सॉलिड' होतं, तेव्हा आम्हीही धुतल्या तांदळाचे नाही.) चारचौघांत वेगळं दिसावं म्हणून पोरं शब्द उचलतात, आणि अख्खा वर्ग तोच शब्द बोलत असतो!

वस्तीची बोली वाईट असं मात्र आम्ही म्हणणार नाही. नामदेव ढसाळांच्या 'गोलपिठा'ला (१९७२) विजय तेंडुलकरांची प्रस्तावना आहे. त्यातल्या कित्येक शब्दांचे अर्थ तेंडुलकरांना कवीलाच विचारावे लागले. ढसाळांनी ते शब्द मिरवायला आणले नव्हते. ज्या गल्ल्यांत ते वाढले, तिथलेच ते होते.

काल नातू आजीजवळ जाऊन बसला. "आजी, संपात तुम्ही खात काय होता गं?" आजीनं निवडायचं सूप बाजूला ठेवलं.