भाभींचा राजगड

डॉक्टरांनी चालायला सांगितलं की आपण चार दिवस चालतो. पाचव्या दिवशी पाहुणे येतात आणि बूट कोपऱ्यात जातात. ‘शुगर वाढेल’ ही भीती फार काळ पुरत नाही, असं आम्हाला वाटतं. मुलगी सासरी गेल्यापासून भाभींचं मन कशातच लागत नव्हतं, झोपही उडाली होती. आम्ही म्हणालो, “हिवाळ्यात राजगड चढू या!” त्याच दिवसापासून त्या फज्रची नमाज झाली की बाहेर पडू लागल्या. जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांना आठवड्याला किमान 150 मिनिटं चालण्यासारखा व्यायाम सुचवते, म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास. भाभींनी हिशेब केला नाही, त्यांना फक्त गड दिसत होता.

गुंजवण्यातून चोर दरवाजाची वाट आधी झाडीतून जाते. मग चढ उभा होतो, शेवटी रेलिंग धरून कातळ चढायचा आणि वाकून पद्मावती माचीवर यायचं. भाभी सहा ठिकाणी बसल्या. आम्ही घाई केली नाही. (घाई करणारे तरुण वाटेत धापा टाकत भेटलेच!) त्या रात्री त्यांना गाढ झोप लागली. आता तोरण्याची चौकशी चालू आहे.