तीन टिंबांचा नंबर शेवटी

वसईतून भाजी-फुलं घेऊन दादरला जाणाऱ्याच्या टोपल्या रोज सारख्या नसतात. आज दोन, उद्या सात. त्याच्या हिशेबाचा प्रोग्राम लिहायचा, तर वजनांच्या बेरजेला किती आकडे येतील हे आधी ठरवता येत नाही. जावात त्यासाठी प्रकारापुढे तीन टिंबं देतात : बेरीज(इंट... वजनं). ही सोय २००४ साली जावा ५ मध्ये आली. टिंबांआड असतो साधा ॲरेच, म्हणून एकाच क्लासमध्ये बेरीज(इंट...) आणि बेरीज(इंट[]) दोन्ही लिहिता येत नाहीत.

वसई रोडच्या विद्यावर्धिनीत किंवा विरारच्या शिरगावातल्या विवामध्ये संगणक शिकणाऱ्यांनी एक प्रयोग जरूर करावा. बेरीज नावाच्याच तीन मेथड लिहाव्यात : एक लाँग घेणारी, दुसरी इंटिजर ऑब्जेक्ट घेणारी, तिसरी इंट... घेणारी. मग बेरीज(५) कॉल करावं. इंट तर फक्त तिसरीत दिसतो, तरी धावते लाँगवाली! ती खोडली की इंटिजरवाली. तीही खोडली, तरच टिंबवाली.

कंपायलर तीन फेऱ्यांत शोधतो. पहिलीत बॉक्सिंग (म्हणजे इंटचं इंटिजर ऑब्जेक्ट करणं) नाही, टिंबं नाहीत. दुसरीत बॉक्सिंग चालतं. टिंबं थेट तिसरीत. हा क्रम मुलं परीक्षेपुरता पाठ करतात, पण त्यामागचं कारण मला फार मोलाचं वाटतं. जावा ५ येण्याआधी लिहिलेल्या कोडमधले कॉल नव्या सोयींमुळे संदिग्ध ठरू नयेत, ही त्यामागची काळजी.

खरी पंचाईत तिसऱ्या फेरीतच होते. बेरीज(इंट...) आणि बेरीज(इंट, इंट...) या जोडीवर कंपायलर हरकत घेत नाही. बेरीज(५) लिहिलं, की दोन्ही लागू, कुठलीच सरस नाही. संदिग्ध म्हणून एरर. रिकामं बेरीज() मात्र चालतं, कारण दुसरीला निदान एक आकडा लागतोच.

जावाच्याच लायब्ररीत यावरची वाट सापडते. एनमसेटच्या 'ऑफ' मेथडला एक ते पाच घटकांसाठी ठरावीक रूपं आहेत आणि पुढच्यांसाठी (पहिला, बाकीचे...) असं एक. २०१७च्या जावा ९ मधल्या लिस्टच्या 'ऑफ'ला शून्य ते दहापर्यंत वेगळी रूपं आणि वर एक टिंबवालं. नेहमीचे छोटे कॉल पहिल्याच फेरीत मिटतात, संदिग्धता उरत नाही आणि दर कॉलला नवा ॲरे बनवण्याचा खर्चही वाचतो.